सेव्हन वंडर्स ड्युएल

सेव्हन वंडर्स ड्युएल हा प्राचीन नगराच्या उभारणीवर आधारलेला, केवळ दोन खेळाडूंसाठी रचलेला पत्त्यांचा खेळ आहे. आंत्वान बोझा आणि ब्रुनो कातला या फ्रेंच रचनाकारांनी तो तयार केला असून बेल्जियममधील रेपो प्रोडक्शन या संस्थेने तो २०१५ मध्ये प्रकाशित केला. पानांवरील चित्रे मिगेल कोइंब्रा यांची आहेत. बोझा यांच्याच सेव्हन वंडर्स या अधिक खेळाडूंच्या खेळापासून तो विकसित झाला आहे. एक डाव साधारणपणे अर्ध्या तासात पूर्ण होतो.

खेळात दोन्ही खेळाडू आपापले नगर उभारतात. त्यासाठी लागणारी पाने मात्र दोघांच्या मध्ये मांडलेल्या एकाच रचनेतून घ्यावी लागतात. कोणाच्याही हातात गुप्त पाने नसतात. एक पान उचलले की त्याखाली दबलेले पान मोकळे होते आणि ते घेण्याची पहिली संधी बहुधा प्रतिस्पर्ध्याला मिळते. त्यामुळे स्वतःच्या नगराला काय हवे याबरोबरच समोरच्याच्या हाती काय पडू द्यायचे नाही, हा प्रश्न प्रत्येक खेळीत उभा राहतो.

थोडक्यात माहिती

- खेळाडू : २
- वय : १० वर्षे व त्यापुढे
- कालावधी : सुमारे ३० मिनिटे
- पाने : पहिल्या युगाची २३, दुसऱ्या युगाची २३, तिसऱ्या युगाची २०, श्रेणींची ७ आणि आश्चर्यांची १२
- अन्य साहित्य : लष्करी पट, संघर्षाची सोंगटी, १० प्रगती-चकत्या, ४ लष्करी चकत्या, नाणी, गुणपत्रक

पार्श्वभूमी

मूळ सेव्हन वंडर्स हा खेळ २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला २०११ मध्ये जर्मनीतील केनरश्पील डेस यारेस हा पुरस्कार मिळाला. या पुरस्काराचे ते पहिलेच वर्ष होते. त्या खेळात प्रत्येक खेळाडूला काही पाने वाटली जातात. सर्वजण एकाच वेळी आपल्या हातातील एक पान निवडतात आणि उरलेली पाने शेजाऱ्याकडे सरकवतात. ही पद्धत तीन ते सात खेळाडूंमध्ये उत्तम चालते. दोघांनी खेळण्यासाठी मात्र त्यात एका तिसऱ्या, खेळाडू नसलेल्या नगराची सोय करावी लागे.

दोघांसाठी स्वतंत्र खेळ रचताना रचनाकारांनी पाने फिरवण्याची पद्धत सोडून दिली. तिच्या जागी एकमेकांवर अंशतः ठेवलेल्या पानांची मांडणी आली. काही पाने उघडी व काही पालथी असल्याने खेळाडूंना पुढचे बरेचसे दिसते, पण सगळे दिसत नाही. मूळ खेळातील युगे, रंगांनुसार इमारती, साधनसामग्री आणि आश्चर्ये या कल्पना कायम ठेवण्यात आल्या.

मांडणी

डावाच्या आरंभी प्रत्येक खेळाडूला सात नाणी मिळतात. बारा आश्चर्यांपैकी आठ खेळात येतात आणि त्यांची निवड दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत चार आश्चर्ये उघडी मांडतात. पहिला खेळाडू एक घेतो, दुसरा दोन घेतो आणि उरलेले एक पहिल्याला मिळते. दुसऱ्या फेरीत निवडीचा आरंभ दुसरा खेळाडू करतो. अशा रीतीने प्रत्येकाकडे चार आश्चर्ये येतात. ती अद्याप बांधलेली नसतात. त्यांचा खर्च पुढे भरावा लागतो.

दहा प्रगती-चकत्यांपैकी पाच यादृच्छिक पद्धतीने पटावर ठेवतात. उरलेल्या पाच बाजूला राहतात.

प्रत्येक युगाच्या गठ्ठ्यातून तीन पाने न पाहता काढून टाकतात. तिसऱ्या युगाच्या गठ्ठ्यात सात श्रेणी-पानांपैकी तीन मिसळतात. त्यामुळे प्रत्येक युगात नेमकी वीस पाने खेळात असतात. त्यांपैकी बारा उघडी आणि आठ पालथी मांडली जातात. तिन्ही युगांच्या मांडणीचा आकार वेगळा असतो.

- पहिले युग : वरून खाली २, ३, ४, ५, ६ पानांच्या ओळी. आरंभी सर्वांत खालची सहा पाने मोकळी असतात.
- दुसरे युग : हाच आकार उलटा, म्हणजे ६, ५, ४, ३, २. आरंभी दोनच पाने मोकळी असतात.
- तिसरे युग : २, ३, ४, २, ४, ३, २ अशा ओळी. येथेही आरंभी दोनच पाने मोकळी असतात.

ओळी आळीपाळीने उघड्या व पालथ्या असतात. ज्या पानावर दुसरे कोणतेही पान नाही, तेच उचलता येते. पालथ्या पानावरील सर्व पाने गेली की ते लगेच उघडले जाते.

खेळण्याची रीत

खेळाडू आळीपाळीने खेळतात. पाळी आली की एक मोकळे पान घ्यावेच लागते. त्या पानाचे पुढील तीनपैकी एक काहीतरी करायचे असते.

- इमारत बांधणे : पानावरील खर्च भरून ते आपल्या नगरात मांडणे.
- पान विकणे : पान टाकून दोन नाणी घेणे. स्वतःच्या नगरात जितकी पिवळी पाने असतील तितकी नाणी अधिक मिळतात.
- आश्चर्य बांधणे : आपल्या आश्चर्याचा खर्च भरून घेतलेले पान त्याखाली पालथे सरकवणे. त्या पानाचा स्वतःचा उपयोग मग संपतो.

तिसऱ्या पर्यायामुळे नको असलेले पानही वाया जात नाही. प्रतिस्पर्ध्याला हवे असलेले पान आश्चर्याखाली गाडून टाकणे ही या खेळातील नेहमीची चाल आहे.

पानांचे रंग

- तपकिरी : लाकूड, दगड, माती यांसारखा कच्चा माल
- राखाडी : काच आणि पपायरस हा तयार माल
- निळा : नागरी इमारती, थेट गुण
- हिरवा : विज्ञानाची चिन्हे
- पिवळा : व्यापार, नाणी, स्वस्त खरेदी
- लाल : लष्करी बळ
- जांभळा : श्रेणी

तपकिरी आणि राखाडी पाने पहिल्या दोन युगांतच असतात. तिसऱ्या युगात ती मिळत नाहीत. साधनसामग्रीकडे आधी दुर्लक्ष केल्यास शेवटच्या युगातील महागड्या इमारती नाण्यांवरच बांधाव्या लागतात.

खरेदीचा नियम

खेळाडूकडे एखादा माल नसेल तर तो पेढीकडून विकत घेता येतो. प्रत्येक नगाची किंमत दोन नाणी अधिक प्रतिस्पर्ध्याच्या तपकिरी व राखाडी पानांवर त्या मालाची जितकी चिन्हे असतील तितकी नाणी, अशी ठरते. समजा, प्रतिस्पर्ध्याच्या पानांवर दगडाची दोन चिन्हे आहेत. मग एका दगडाला चार नाणी पडतात, आणि दोन दगड लागणाऱ्या इमारतीसाठी आठ. आरंभीची सात नाणी त्याला पुरत नाहीत. एखाद्या मालाची पाने एकाच नगरात साठू दिली तर दुसऱ्या नगरासाठी तो माल महाग होत जातो. एखादा माल एका नाण्याला मिळवून देणारी काही पिवळी पाने या मक्तेदारीवर उतारा ठरतात. खरेदीची नाणी पेढीत जमा होतात. ती प्रतिस्पर्ध्याला मिळत नाहीत.

जोडइमारती

काही पानांवर एक छोटे पांढरे चिन्ह असते. तेच चिन्ह पुढच्या युगातील एखाद्या पानाच्या खर्चात दाखवलेले असेल तर ते पान विनामूल्य बांधता येते. उदाहरणार्थ, पहिल्या युगातील लेखनशाळा बांधलेल्या खेळाडूला दुसऱ्या युगातील ग्रंथालय फुकट मिळते.

विजयाचे तीन मार्ग

लष्करी विजय

दोन्ही नगरांच्या मध्ये एक पट असतो आणि त्याच्या मध्यभागी संघर्षाची सोंगटी. लाल पानावर जितक्या ढाली असतील तितकी घरे ती प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने सरकते. मध्यापासून प्रतिस्पर्ध्याच्या राजधानीपर्यंत नऊ घरे आहेत. सोंगटी तेथे पोहोचली की डाव तत्काळ संपतो. वाटेत ठेवलेल्या लष्करी चकत्यांमुळे मागे हटणाऱ्या खेळाडूची आधी दोन आणि नंतर पाच नाणी जातात. डाव शेवटपर्यंत चालला तर सोंगटीच्या स्थानानुसार पुढे असलेल्या खेळाडूला दोन, पाच किंवा दहा गुण मिळतात.

वैज्ञानिक विजय

सहा भिन्न विज्ञानचिन्हे गोळा करणारा खेळाडू लगेच जिंकतो. हिरव्या पानांवर सहा प्रकारची चिन्हे असून प्रत्येक चिन्ह दोन पानांवर आढळते. सातवे चिन्ह ‘कायदा’ या प्रगती-चकतीवर असते. एकाच चिन्हाची जोडी जमवणाऱ्याला पटावरील एक प्रगती-चकती निवडून घेता येते. म्हणून विज्ञानाच्या वाटेवर दोन ओढी एकमेकींविरुद्ध काम करतात. विजयासाठी वेगवेगळी चिन्हे हवीत, तर चकतीसाठी सारखी.

चिन्हांची विभागणीही लक्षात घेण्याजोगी आहे. चार चिन्हे पहिल्या आणि दुसऱ्या युगात प्रत्येकी एकदा येतात. उरलेली दोन केवळ तिसऱ्या युगातील चार पानांवर असतात. ‘कायदा’ चकती धरूनही दुसऱ्या युगाच्या अखेरीस पाचपेक्षा अधिक भिन्न चिन्हे जमू शकत नाहीत. त्यामुळे मूळ संचात वैज्ञानिक विजय तिसऱ्या युगापूर्वी होत नाही. पहिल्या युगापासून हिरवी पाने जमवणारा खेळाडू आपला बेत दीर्घकाळ उघडा ठेवतो आणि प्रतिस्पर्ध्याला तो मोडण्यासाठी वेळ मिळतो.

नागरी विजय

तिसरे युग संपेपर्यंत वरीलपैकी काहीच घडले नाही, तर गुण मोजले जातात. इमारती, आश्चर्ये, श्रेणी, प्रगती-चकत्या आणि लष्करी स्थान यांचे गुण एकत्र करतात. दर तीन नाण्यांना एक गुण मिळतो. बरोबरी झाल्यास निळ्या इमारतींवर अधिक गुण असणारा जिंकतो.

आश्चर्ये

बारा आश्चर्यांत प्राचीन जगाची सात प्रसिद्ध आश्चर्ये असून ॲपियन मार्ग, सर्कस मॅक्सिमस, महाग्रंथालय, पिरेयस बंदर आणि स्फिंक्स या पाचांची भर घातली आहे. पिरॅमिड केवळ नऊ गुण देतात. कोलोसस दोन ढाली देतो. झ्यूसचा पुतळा प्रतिस्पर्ध्याचे एक तपकिरी आणि सर्कस मॅक्सिमस एक राखाडी पान नष्ट करतो. समाधिमंदिरामुळे टाकलेल्या पानांतून एक पान फुकट बांधता येते. महाग्रंथालय बांधणाऱ्याला बाजूला राहिलेल्या पाच चकत्यांतील तीन काढून त्यांतील एक ठेवता येते. दीपगृह दर खेळीला तपकिरी गटातील कोणताही एक माल पुरवते.

ॲपियन मार्ग, झुलत्या बागा, पिरेयस, स्फिंक्स आणि आर्टेमिसचे मंदिर ही पाच आश्चर्ये बांधणाऱ्याला लागोपाठ दुसरी खेळी देतात. एरवी पालथे पान उघडण्याची जोखीम एकाने घ्यायची आणि लाभ दुसऱ्याने, असा क्रम असतो. जादा खेळीने तो क्रम मोडतो. स्वतःच उघडलेले पान स्वतःलाच उचलता येते. ओळीच्या शेवटी समोरच्याला नको ते पान उघडायला भाग पाडण्यासाठीही तिचा उपयोग होतो.

दोघांकडे मिळून आठ आश्चर्ये असली तरी बांधता मात्र सातच येतात. सातवे पूर्ण होताच उरलेले आठवे डावातून बाद होते. त्यामुळे अखेरच्या आश्चर्यासाठी दोघांत शर्यत लागते.

डावपेच

जादा खेळी न वापरल्यास एका युगात प्रत्येकाच्या वाट्याला दहा पाने येतात. पूर्ण डावात ती तीस होतात. इतक्या मर्यादित खेळींत तिन्ही मार्ग साधत नाहीत. तरीही कोणताही मार्ग पूर्णपणे सोडून देणे धोक्याचे असते. लाल पानांकडे दुर्लक्ष करणाऱ्यावर राजधानी गमावण्याची वेळ येते. निळी पाने जमवण्यात गुंतलेल्याच्या हातून सहावे विज्ञानचिन्ह निसटते. अनुभवी खेळाडू म्हणूनच लष्करी वा वैज्ञानिक विजयाचा धाक घालून प्रतिस्पर्ध्याला बचावात्मक पाने घ्यायला लावतात आणि प्रत्यक्षात गुणांवर डाव जिंकतात.

नव्या युगाचा आरंभ कोणी करायचा हे लष्करीदृष्ट्या मागे असलेला खेळाडू ठरवतो. सोंगटी मध्यावर असेल तर मागील युगातील अखेरचे पान घेणाऱ्याला हा अधिकार मिळतो. दुसऱ्या व तिसऱ्या युगात आरंभी दोनच पाने मोकळी असल्याने हा निर्णय महत्त्वाचा असतो.

खेळात योगायोगाचा भाग आहेच. प्रत्येक युगातील तीन पाने काढून टाकलेली असल्याने अपेक्षित पान येईलच याची खात्री नसते. ऐन वेळी उघडलेले पान एखाद्याचा बेत उधळून लावू शकते. जादा खेळीची अनेक आश्चर्ये एकाच खेळाडूकडे गेल्यास डाव एका बाजूला झुकतो. त्यामुळे आश्चर्यांच्या निवडीकडे अनुभवी खेळाडू विशेष लक्ष देतात.

अन्य पत्त्यांच्या खेळांशी तुलना

महाराष्ट्रात घरोघरी खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या खेळांत दोघांचा खेळ म्हणून भिकार-सावकार प्रसिद्ध आहे. त्यात पाने न पाहता क्रमाने टाकली जातात. निवडीला वाव नसतो आणि जयपराजय पानांच्या क्रमावर ठरतो. रमीत निवड असते, पण हातातील पाने झाकलेली असतात. प्रतिस्पर्ध्याला काय हवे याचा अंदाज त्याने उचललेल्या आणि टाकलेल्या पानांवरून करावा लागतो. मेंढीकोट जोडीने खेळतात आणि त्यात हुकमाला महत्त्व असते.

सेव्हन वंडर्स ड्युएलमध्ये हुकूम नाही, हात जिंकणे नाही आणि लपवायला काही नाही. रमीत टाकलेल्या पानामुळे समोरच्याचा फायदा होण्याची भीती असते. येथे तीच भीती उचललेल्या पानामुळे निर्माण होते. पानांवरील सर्व परिणाम चिन्हांनी दाखवलेले असतात आणि शब्दांत केवळ इमारतीचे नाव असते. चिन्हांचा अर्थ एकदा समजला की इंग्रजी न येणाऱ्या खेळाडूलाही तो खेळता येतो.

ऐतिहासिक संदर्भ

खेळातील नगरे कोणत्याही एका ऐतिहासिक नगराची प्रतिकृती नाहीत. भूमध्य सागराभोवतीच्या ग्रीक, रोमन, इजिप्शियन आणि मेसोपोटेमियन संस्कृतींतील वास्तू एकत्र करून हे जग कल्पिले आहे. सात आश्चर्यांपैकी आज केवळ गिझाचा महापिरॅमिड उभा आहे. बॅबिलोनच्या झुलत्या बागांचा निर्विवाद पुरातत्त्वीय पुरावा मिळालेला नाही. रोमहून दक्षिणेकडे जाणाऱ्या ॲपियन मार्गाचे काम इ.स.पू. ३१२ मध्ये सुरू झाले.

या जगाचे व्यापारी संबंध पश्चिम भारतापर्यंत पोहोचले होते. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याजवळ असलेल्या कार्ले येथील लेण्यांत त्याच्या खुणा आढळतात. कोकणातील बंदरांकडून बोरघाटमार्गे देशावर येणाऱ्या प्राचीन वाटेच्या परिसरात ही लेणी आहेत. तेथील चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. त्याच्या खांबांवरील लेखांत धेनुकाकट येथील दात्यांची नावे असून त्यांत यवन म्हणवणारे दातेही आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख या शैलगृहाला जंबुद्वीपात सर्वोत्तम ठरवतो. खेळात आश्चर्य उभारण्याचा सारा भार एकच खेळाडू उचलतो. कार्ल्याचे काम मात्र अनेकांच्या दानांतून उभे राहिले.

जांभळ्या पानांवरील श्रेणींनाही महाराष्ट्राच्या इतिहासात समांतर आहे. श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांची संघटना. नाशिकच्या लेण्यांतील लेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले होते. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. म्हणजे श्रेणी उत्पादनाबरोबर पेढीचे कामही करत. खेळात सावकारांची एक श्रेणी आहे. दोहोंपैकी अधिक श्रीमंत नगरातील दर तीन नाण्यांमागे ती आपल्या मालकाला एक गुण देते. ते श्रीमंत नगर प्रतिस्पर्ध्याचे असले तरी हा गुण मिळतो.

प्रतिसाद आणि पुरस्कार

प्रकाशनानंतर हा खेळ दोघांच्या खेळांत लवकरच अग्रस्थानी पोहोचला. बोर्डगेमगीक या संकेतस्थळाचा २०१५ चा सर्वोत्कृष्ट द्विखेळाडू खेळासाठीचा गोल्डन गीक पुरस्कार आणि २०१६ चा इंटरनॅशनल गेमर्स ॲवॉर्ड त्याला मिळाला. मोबाइलवर आणि ऑनलाइनही तो खेळता येतो.

पुरवण्या आणि संबंधित खेळ

- पॅन्थिऑन (२०१६) : मेसोपोटेमियन, फिनिशियन, ग्रीक, इजिप्शियन आणि रोमन देवतांची भर. श्रेणींच्या जागी भव्य मंदिरांची पाने येतात.
- अगोरा (२०२०) : सेनेट, त्यातील सदस्य आणि कटकारस्थाने यांची भर. सेनेटवरील वर्चस्व हा विजयाचा चौथा मार्ग ठरतो.
- द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : ड्युएल फॉर मिडल-अर्थ (२०२४) : याच रचनाकारांचा, याच मांडणीच्या कल्पनेवर आधारलेला स्वतंत्र खेळ.